बिलकिस पळेल तेवढाच नेम

अल थुमामा, दोहा
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय युसुफभाई,

अस्सलामु अलैकुम. आपल्या मोहल्ल्यातला हमीद परवाच्या विमानाने गावाला येतोय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी खजूर आहेत, भाभीसाठी केशर आहे आणि सगळ्यात खाली हे पत्र. फोन असताना पत्र कशाला, असं माझा रेहान म्हणाला. पण आपण फोनवर बोलतो तेव्हा तिकडे भाभी आणि इकडे माझी सून माहनूर कान लावून बसलेल्या असतात. सलाम-दुआ, हवापाणी, गुडघे, आणि खलास. सुनेसमोर भावाशी काय डोंबल बोलणार?

तर विषय बंदुकीचा आहे. हसू नकोस.

रेहान ज्यांच्या कंपनीत परचेसला आहे, ते अबू नासिर आता म्हातारे झालेत. दोह्याच्या उत्तरेला त्यांचा अझबा आहे, म्हणजे वाळवंटातली वाडीच म्हण. शेळ्या, थोडे उंट, लसूणघासाचं एक हिरवं शेत आणि कडेला बोरीची झाडं. इथे बोरीला सिद्र म्हणतात, पण काटे तसेच टोचतात. शुक्रवारी ते आम्हाला बोलावतात. कंपनीचा ड्रायव्हर हरिदास, परभणीकडचा, पिकअपमधून घेऊन जातो. सकाळी तिथे कधी कधी इतकं धुकं पडतं की उंटाची नुसती मान तरंगत जाताना दिसते. मी खुर्ची टाकून बसते. अर्धी जागी असते, अर्धी झोपेत.

आणि मग कवडे उतरतात, भाई. त्यांचं घुमणं ऐकलं की वाटतं मी आपल्या गावच्या कातळावर, सड्यावरच आहे, तू पुढे गवतात पालथा पडलेला आहेस आणि मी मागे सुरी धरून श्वास रोखून बसलेय. डोळे उघडले की समोर वाळू असते, आणि मला क्षणभर कळतच नाही की सडा कुणी उचलून नेला.

अबू नासिरना हे कवडे शेळ्यांच्या दाण्यावर नकोत, भातात हवेत. लहानपणी त्यांची आई कवडा घालून भात करायची म्हणे. बाज पाळायचं वय गेलं, म्हणून त्यांनी रेहानला फर्मावलं, एक छऱ्याची बंदूक बघ, स्वस्तातली, भपका नको. परवाना त्यांचा, जमीन त्यांची, पारख तेवढी रेहानची. आणि माझ्या लेकाने आयुष्यात बेचकीसुद्धा ताणलेली नाही! त्याने पाइप आणि व्हॉल्व्हची मागवतो तशी तीन कोटेशनं मागवली. पहिली हवेची टाकी लावलेली, दिसायला झकास आणि महाग. दुसरी मधल्या किमतीची, मोठ्या छऱ्याची, भलती जोरकस. तिसरी सगळ्यात स्वस्त, नळी बिजागरीवर मोडून भरायची, लाकडी दस्त्याची, अगदी आपल्या जुन्या बंदुकीची बहीण. रेहान दुसरीवर अडून बसलाय.

मी त्याला म्हटलं, थांब. एका छऱ्याचा युसुफ अजून जिवंत आहे, त्याला विचारू. लवकर लिही. आणि नुसतं लिहू नकोस, ये. या हिवाळ्यात ये.

तुझी,
बिलकिस

*

खारवाडी मोहल्ला, ता. मंडणगड
३ नोव्हेंबर २०२४

अगो बिलकिस,

वालेकुम अस्सलाम. पत्र हमीदने दिलं आणि खजुराची पिशवी घरात द्यायच्या आधी ओट्यावरच अर्धी केली. केशर तेवढं सुखरूप पोचलं.

तुझं पत्र मी अंगणात बसून वाचलं आणि मग दिवसभर तिथून उठलो नाही. तुझी भाभी म्हणाली, यांना काय झालं? काय सांगू तिला, वाळवंटातून कवडे आलेत म्हणून?

आता रेहानला हे वाचून दाखव. बाबा रे, बंदूक घेताना पहिल्यांदा बंदुकीकडे बघू नये. कोण धरणार, कुठे धरणार आणि पाडलेलं कोण खाणार, ते बघावं. अबू नासिर म्हातारे, म्हणजे नळी मोडायला सोपी हवी. वजनाला हलकी हवी, खांद्याला लावून आख्खी दुआ म्हणून झाली तरी हात थरथरता कामा नये. टाकीवाली सोड. टाकी भरायचा पंप वेगळा, त्याची दुरुस्ती वेगळी, म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर भारी.

राहिली ती जोरकस. ती कवड्याला जागीच मारते. रेहानला वाटत असेल बरं झालं, दुखणं वाचलं. पण छऱ्याच्या माराने मेला तो आपल्याला मुरदार. जिवंत हाती लागला, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली, तरच हलाल. म्हणून बंदूक अशी हवी की पक्ष्याला खाली आणेल, वर पाठवणार नाही. स्वस्तातली घे. या कामाला तीच खरी.

आणि रेहानला हेही सांग की पक्षी पाडणारा अर्धा शिकारी असतो. पडलेला पक्षी तडफडत असतो, आणि जोवर सुरी पोचत नाही तोवर ते पाप पाडणाऱ्याच्या मानेवर. अब्बांनी मला बंदूक दिली तेव्हा एकच नियम घालून दिला होता, बिलकिस पळेल तेवढाच तुझा नेम. त्याच्या पलीकडे कवडा बसला असेल तर तो माझा नव्हता. आणि तू काय पळायचीस! मी नळी खाली करीपर्यंत तू पोचलेली असायचीस. मोहल्ल्यात नाव माझं झालं, पण पाय तुझे होते.

एक मात्र करा. बंदुकीवर दुर्बीण बसवून घ्या. मोठी, उजेड चांगला देणारी. आणि ती डाव्या डोळ्यानेही लावता येते का तेवढं विचारा. कुणाला डावा सोयीचा असतो.

मला बोलावलंस. बघू. आंब्याचं काम आहे.

तुझा भाई,
युसुफ

*

अल थुमामा
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय भाई,

बंदूक आली! स्वस्तातलीच.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी रेहान लॅपटॉप घेऊन अबू नासिरांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत गेला. एक्सेलमध्ये वेग, ताकद, वॉरंटी, सगळे रंगीत रकाने. जोरकस बंदुकीची ताकद त्याने हिरव्या रंगात दाखवली होती. म्हाताऱ्याने चष्मा लावून पाहिलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये मारेगा तो खाएगा कौन?" रेहान घरी आला तो खट्टू होऊन. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचून दाखवलं तर खो खो हसायला लागला. म्हणतो, मामू आणि अबू नासिर एकाच शाळेतले दिसतात.

पण तुझ्या दुर्बिणीचं मला नवल वाटलं. दुर्बीण लावणाऱ्याला तू चष्मेवाला कोल्हा म्हणायचास, विसरलास? आता म्हातारपणी मॉडर्न झालास होय? अबू नासिरांनी साफ नको म्हटलं. बाजाच्या डोळ्यावर काच असते का, म्हणाले.

पहिल्या शुक्रवारी पेप्सीचे डबे मांडले. रेहानने धरली, छर्रे गेले कुठे ते अल्लाला ठाऊक. मग म्हणतो बंदूकच डावीकडे ओढते. नाचता येईना अंगण वाकडं! अबू नासिरांचे हात थरथरतात. हरिदास माळकरी आहे, तो बंदूक दिसली की पिकअपमध्ये जाऊन तोंड फिरवून बसतो आणि काच वर करतो. मग मी अबू नासिरांना तुझ्याबद्दल सांगितलं. उडता कवडा, एक छर्रा, पंखाच्या सांध्यावर. म्हातारा पुढे सरकून ऐकत होता, हातातली कॉफी निवून गेली. शेवटी म्हणाले, तुझ्या भावाला आण. यल्ला, म्हणजे चला, लवकर. तिकीट माझं.

भाई, व्हिजाचं रेहान बघतो. रमजानच्या आधी ये. मला अलीकडे एकच स्वप्न पडतं. मी अनवाणी पळतेय, पायाखाली कधी कातळ असतो, कधी वाळू, पुढे कुठे तरी पंखांचा आवाज आहे आणि मागून तुझी हाक येते, 'उजवीकडे गो, उजवीकडे.' मी वळते आणि जाग येते. उठले की घरात एसीचा आवाज असतो. सगळे चांगले आहेत इथे, माहनूर लेकीसारखी करते, पण या घरात बिलकिस म्हणून हाक मारणारं कुणी नाही. मी अम्मी आहे, दादी आहे. अम्माला मातीत ठेवलं, त्यानंतर आपण भेटलोच नाही. रेहान मला एकटीला पाठवत नाही, त्याला रजा मिळत नाही. म्हणून तू ये. मला तू हवा आहेस, एकदा.

गुडघ्यांची काळजी करू नकोस, नव्या गोळ्यांनी फरक आहे. तू नेम धर. मी पळेन.

तुझी,
बिलकिस

*

खारवाडी मोहल्ला
१२ डिसेंबर २०२४

प्रिय बिलकिस,

पत्र पोचलं. अबू नासिरांना माझा सलाम सांग.

येणं या वर्षी जमेलसं दिसत नाही. मोहोर लवकर आलाय, फवारणीला माणूस मिळत नाही. पडवीचे वासे बदलायचेत. मला जरा खोकला आहे. तुझ्या भाभीला एकटं ठेवायचं म्हणजे तीही कुरकुरणार.

रेहानचा नेम चुकतो तो श्वासाने. त्याला सांग, श्वास भरून घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि मधल्या शांततेत घोडा दाबायचा. दाबायचा, ओढायचा नाही. पक्ष्याकडे बघू नये, पंख जिथे अंगाला शिवलाय त्या टाक्याकडे बघावं. गाल दस्त्याला असा टेकवावा की झोपच लागेल. घाई झाली की बंदुकीला कळतं. आणि जवळचाच धरावा, लांबचा नाही.

गुडघे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

युसुफ

*

अल थुमामा
२७ डिसेंबर २०२४

युसुफभाई,

मोहोर, वासे, खोकला, भाभी. तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि मला त्यात तू कुठे सापडला नाहीस.

मोहोर दरवर्षी येतो. वासे पावसाआधी बदलले तरी चालतात. आणि भाभी कुरकुरणार नाही, उलट म्हणतेय, जा हो एकदा. होय, मी फोन केला होता तिला, तू नमाजला गेलेला असताना. ती म्हणाली, यांना मीच बॅग भरून देते, पण हे नाव काढलं की उठून जातात. माझं नाव काढलं की तू उठून जातोस?

मी काय चुकले ते सांग. अम्माच्या बांगड्या मी घेतल्या म्हणून आहे का काही मनात? की लेकीकडचं अन्न खाऊ नये तसं बहिणीच्या सावलीलाही येऊ नये, असं आहे? की मी इथे एसीत बसते आणि तू तिथे एकट्याने घर सांभाळतोस, याचा राग आहे? राग असेल तर राग लिही. मला शिव्या घाल. पण मोहोर लिहू नकोस.

मी अबू नासिरांना काय सांगू? दर शुक्रवारी विचारतात, "भाई किधर?" मी शेळ्यांना दाणा टाकायला उठते. रेहान म्हणाला, अम्मी, मामूला यायचं नाहीये, लीव्ह इट. लीव्ह इट म्हणजे सोडून दे. त्याला सोपं आहे.

यायचं नसेल तर तसं एका ओळीत लिही. मी परत विचारणार नाही. पण मनात कायमची गाठ राहील, हे सांगून ठेवते.

बिलकिस

*

खारवाडी मोहल्ला
१० जानेवारी २०२५

माझे बिलकिस,

तुझ्यावर राग? वेडी आहेस. अम्माच्या बांगड्या तुझ्याच होत्या, तुझ्याच हातात शोभतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकून बसलो होतो. आता उघडतो. माझा उजवा डोळा गेला.

काचबिंदू म्हणाला डॉक्टर. दुखलं नाही, खुपलं नाही, कडेकडेने गुपचूप खात आला. मला वाटायचं यंदा धुकं फार पडतंय. भाभीला म्हणायचो, अगो, धुकं बघ केवढं, आणि ती म्हणायची, कुठंय धुकं? चिपळूणला दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेलं येत नाही, राहिलेलं थेंब घालून टिकवायचं, एवढंच. डावा चांगला आहे, पत्र लिहितोय, चालतोय, सड्यावर रोज जातोय. पण नेम उजव्यात होता, बिलकिस. आख्खा युसुफ त्या एका डोळ्यात होता.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी डाव्या खांद्याला काठी लावून बघितली. मोठ्या दुर्बिणीने जमेल असं वाटलं, म्हणून ते विचारलं होतं. मग हमीदच्या पोराची बेचकी घेऊन बसलो आणि फणसाच्या झाडाखाली नारळाची करवंटी ठेवली. करवंटी तिथेच आहे. शेजारच्यांच्या न्हाणीघराचं कौल मात्र गेलं. मोहल्ला हसला, मीही हसलो, आणि घरात येऊन पाठ करून पडून राहिलो.

अबू नासिर कॉफी थंड होईस्तोवर ज्याच्या गोष्टी ऐकतात, तो युसुफ मी पाठवू कुठून? विमानातून हा काणा म्हातारा उतरलेला बघून तू काय सांगशील त्यांना? माझ्याकडे ना शेत मोठं, ना शिक्षण, ना परदेश. एका छऱ्याचा युसुफ, एवढीच कमाई होती. तुझ्या डोळ्यांत ती शाबूत होती, म्हणून मी तिथे यायला घाबरलो. हे लिहायला मला एवढे महिने लागले.

आता सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, तुला कळलं ना. माझी गाठ ठेवू नकोस मनात. मी तिकडचे कवडे डोळे मिटून बघत असतो, मिटले की दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं.

तुझा भाई,
युसुफ

*

अल थुमामा
२६ जानेवारी २०२५

प्रिय भाई,

तुझं पत्र वाचून मी रडले, मग तुझ्या कौलाचं आठवून हसले, मग परत रडले. माहनूर पाणी घेऊन आली. तिला म्हटलं, काही नाही, भावाचं पत्र आहे.

मग शुक्रवार आला. धुकं होतं. अबू नासिर नेहमीच्या खुर्चीत, रेहान त्यांच्या शेजारी, हरिदास काच वर करून पिकअपमध्ये. बंदूक टेबलावर पडली होती. मला काय झालं सांगता येत नाही. आख्ख्या आयुष्यात मी ती हातात धरली नव्हती. अब्बा म्हणायचे बंदूक पोराची, सुरी पोरीची, आणि मी कधी हट्टही धरला नाही. त्या दिवशी उठले आणि उचलली. रेहान म्हणाला, अम्मी, काय करतेस? अबू नासिर त्याला म्हणाले, "बैठ."

मी गाल टेकवला. तू लिहिलं होतंस तसं झोप लागेल इतका. श्वास घेतला, अर्धा सोडला. लसूणघासाच्या कडेला एक कवडा उतरला होता, धुक्यात त्याची कड विरघळल्यासारखी दिसत होती, पण पंखाचा टाका मला स्वच्छ दिसला. मोतीबिंदू काढल्यापासून माझे डोळे तरण्या पोरीचे आहेत. घोडा दाबला. भाई, कवडा पडला. पंखावर. अगदी तू पाडायचास तसा.

रेहान ओरडला, "अम्मी!" अबू नासिर उभे राहिले. आणि मी सुरी घेतली आणि पळायला गेले.

गोळ्यांनी फरक आहे हे खोटं होतं. काहीच फरक नाही. दोन पावलांत उजवा गुडघा बसला. मी काठी मागवली, काठी टेकत निघाले, वाळूत काठी रुतते. पुढे पंखांचा आवाज येत होता. मी रेहानला म्हटलं, तू जा, बिस्मिल्ला म्हण आणि फिरव. तो गेलासुद्धा, सुरी घेऊन वाकला, आणि तसाच वाकून राहिला. त्याला जमेना. त्याचा दोष नाही, त्याने कोंबडीही पिशवीतलीच पाहिली आहे. अबू नासिर तर दोन माणसांच्या आधाराशिवाय चालत नाहीत. मी चालत होते आणि तो आवाज कमी कमी होत होता. मी पोचले तेव्हा तो बंद झाला होता. अंग ऊन होतं.

खाता येईना. हरिदास खाली उतरला, बोरीच्या बुंध्याशी खड्डा केला आणि त्याला पुरला. हात धुताना रामकृष्णहरी म्हणाला. मला म्हणाला, "आजी, पळायला माणूस नसताना कशाला मारता?" अबू नासिरांनी बंदूक भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. पळणारा आल्याशिवाय ती खाली उतरणार नाही म्हणाले.

रात्रभर अब्बांचं बोलणं मनात फिरत होतं. बिलकिस पळेल तेवढाच नेम. आता बिलकिस पळतच नाही, म्हणजे नेमही संपला. मग पहाटे दुसरं काही सुचलं. तुझा डोळा गेला. पाय कुठे गेलेत, भाई? सड्यावर रोज चढतोस ना? तुझ्यासारखी हलकी सुरी मोहल्ल्यात कुणाची होती, बकरी ईदला सगळे तुलाच बोलवायचे.

तू मला खरा युसुफ दाखवायला घाबरलास. मी तुला खरे गुडघे दाखवले नाहीत. आता दोघांचंही उघडं पडलंय, लपवायला उरलंय काय? ये. नेम मी धरते. तू पळ.

तुझी,
बिलकिस

*

खारवाडी मोहल्ला
३ फेब्रुवारी २०२५

अगो बिलकिस,

तुझं पत्र हमीदने पोस्टातून आणून मला रस्त्यातच दिलं. मी तिथेच, बांधावर बसून वाचलं. कवडा पडला तिथवर आलो आणि एवढ्या मोठ्याने 'माशाल्ला' ओरडलो की हमीद परत फिरून आला. त्याला सांगितलं, बिलकिसने पाडला, पंखावर, पहिल्याच छऱ्यात. तो म्हणाला, कोण बिलकिस, आपली दादी बिलकिस? मी म्हटलं, दादी तुझी असेल.

मग पुढचं वाचलं. तू वाळूत काठी टेकत चालली आहेस आणि आवाज कमी होतोय, हे माझ्या डोळ्यांसमोरून दिवसभर गेलं नाही. मी तिथे हवा होतो.

पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. बहीण नेम धरणार आणि युसुफ सुरी घेऊन मागे पळणार? मोहल्ला काय म्हणेल? घरी येऊन हे भाभीला बोललो. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "ती आख्खं बालपण तुमच्यामागे पळली, तेव्हा मोहल्ला काही म्हणाला का?" मी तव्यावरची भाकरी उलटली.

आज सकाळी सड्यावर गेलो. आजूबाजूला कुणी नाही बघून चपला काढल्या आणि पळालो. करवंदीच्या जाळीपासून पार कड्याच्या टोकापर्यंत. दम लागला, छाती भात्यासारखी झाली, पण पडलो नाही. उजवीकडचं दिसत नाही, एक दगड लागला, अंगठा सुजलाय. तेव्हा तिथे मला हाकेने सांगावं लागेल, डावीकडे की उजवीकडे. आवाज मोठा ठेव. लाजू नकोस, तिथे कोण आहे आपल्याला हसणारं, उंट?

रेहानला तिकिटाचं सांग. डोळ्याचे थेंब सोबत घेतो. सुरी विमानात घेत नाहीत, तिथली एक धार लावून ठेव. लांबचा कवडा धरू नकोस, मी आता साठी ओलांडलेला आहे. मी पोचेन एवढ्यातलाच धर.

आणि अबू नासिरांना आधीच नीट सांगून ठेव, म्हणजे मी उतरल्यावर त्यांचा विरस नको. नेमबाज खारवाडीहून येत नाहीये. नेमबाज तिथेच आहे, त्यांच्याच अझब्यावर, खुर्ची टाकून बसलेली. येतोय तो तिचा भाऊ, पळायला.

युसुफ